बर्फाची वाट पाहणाऱ्यांविरुद्ध एक युक्तिवाद

या लेखात एकच विधान सिद्ध करावयाचे आहे: बर्फाच्या वादळाची वाट पाहणारी माणसे हवामान पाहत नाहीत, स्वतःची इच्छा पाहतात. पुण्याच्या एका महाविद्यालयात मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. जावयाशी वाद घालण्यास तेवढी तयारी पुरेशी ठरावी.

जावई निखिल किवींच्या देशात, पामर्स्टन नॉर्थच्या रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. हिवाळाभर तो आणि इथले काही मराठी डॉक्टर व नर्स फोनवरच्या एका ग्रुपमध्ये रुआपेहू पर्वतावरील एका खांबाचे दर्शन घेतात. खांबावर सेंटिमीटरच्या खुणा आहेत, समोर कॅमेरा आहे. रात्रीत किती ताजा बर्फ पडला ते त्यावरून कळते. चहाच्या आधी खांब. अंदाज दोन ठिकाणचे पाहतात, एक युरोपचा, एक अमेरिकेचा. ज्यात बर्फ अधिक, तो त्या आठवड्यापुरता विश्वासार्ह. पत्रिका पाहणारेही असेच करतात, पण तिथे निदान दक्षिणा दिली की विषय संपतो.

एका गुरुवारी जेवताना निखिलने जाहीर केले की दक्षिणेकडून, म्हणजे इथे ध्रुवाच्या बाजूने, मोठे वादळ येत आहे आणि शनिवारी ओहाकुने गावात, म्हणजे पर्वताच्या पायथ्याशीच, बर्फ पडेल.

माझी मुलगी मुक्ता म्हणाली, "मी याच्या तीन वादळांना जाऊन आलेय. तिन्ही वेळा पाऊस. तू जा, आई, तुला मजा येईल."

तिसरी प्रवासी सुषमा. ही मूळची कराडची, निखिलच्याच रुग्णालयात नर्स. इथे पाच हिवाळे काढूनही तिने आकाशातून पडणारा बर्फ पाहिला नव्हता. जेव्हा जेव्हा पडला तेव्हा ती वॉर्डात होती. पुढच्या आठवड्यात ती नव्या नोकरीवर टौरंगाला जाणार होती. तिथे समुद्र आहे, किवीच्या बागा आहेत, बर्फ नाही.

"पण डोंगरावर पडलेला बर्फ तर तू पाहिला असशील," मी म्हटले.

"पडलेला फ्रीजमध्येपण असतो, काकू. मला पडताना पाहायचाय."

या मागणीत मला कोणताही दोष काढता आला नाही.

शनिवारी सकाळी निघालो. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: रस्ता बुल्स, ताइहापे, वायोरू असा आहे, ओहाकुनेला पोचायला दोन तासांहून थोडे अधिक लागतात. टायरांना बांधायच्या साखळ्या भाड्याने मिळतात, त्या घ्याव्यात. शनिवारचे मोटेल आधी ठरवावे, कारण वाट पाहणारे सर्वजण एकाच वेळी वाट पाहतात. बुल्सच्या दुकानदारांनी गावाच्या नावावर, म्हणजे बैलांवर, इतक्या कोट्या केल्या आहेत की गाडी थांबवू नये. ताइहापेला थांबावे. तिथे पत्र्याचा एक अवाढव्य गमबूट उभा आहे, आणि पाय, म्हणजे इथली भट्टीत भाजलेली सारणाची कचोरी, गरम मिळतो. शाकाहाऱ्यांनी चीज-कांद्याचा मागावा व आत काय आहे ते पुन्हा विचारावे.

ओहाकुनेचे ग्रामदैवत गाजर आहे. दोन मजली, भगवे, रस्त्याच्या कडेला. त्याला वळसा घालून पर्वताच्या रस्त्यापाशी गेलो, तर फाटक बंद. वर वादळ होते.

"म्हणजे ज्या वादळासाठी आलो त्याच वादळामुळे रस्ता बंद," मी म्हटले. "तुमची इच्छा स्वतःचाच विषय नष्ट करते, निखिल."

"आई, आम्हाला वादळ नको असतं. वादळानंतरची सकाळ हवी असते. निळं आकाश, ताजा बर्फ."

"मग सुषमाला का आणलेस? तिला तर वादळच हवे आहे."

यावर त्याने फोन काढला. त्या ग्रुपमध्ये वाद हरण्याची हीच रीत असावी.

गावात पाऊस पडत होता. कॅफेतल्या बाईंनी "किया ओरा" म्हणून स्वागत केले आणि वर हीप्स, म्हणजे ढीगभर, बर्फ आहे असे सांगितले. सुषमाने विचारले, "इथे खाली कधी?" बाई म्हणाल्या, "कदाचित उद्या, लव्ह." मी सुषमाला समजावले की 'कदाचित उद्या' हे विधान कधीच खोटे ठरत नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे. ती म्हणाली, "काकू, तुमचा स्कोन थंड होतोय."

तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला आम्ही डोंगरावरच्या धुरावरून अग्नी सिद्ध करतो. रुआपेहू हा ज्वालामुखी. पोटात अग्नी, डोक्यावर बर्फ, आणि दोन दिवसांत त्याने मला दोन्हींपैकी काहीही दाखवले नाही. ढग मात्र मुबलक.

रविवारी सकाळीही पाऊसच. सुषमाची ड्युटी दुपारी तीनची. निखिल म्हणाला, "बारापर्यंत थांबू. थंड हवा मागून येतेय."

मी आक्षेप मांडला. बर्फ इथे खाली पडला, तर रस्ता बंद होऊन सुषमाची ड्युटी चुकेल. नाही पडला, तर थांबणे व्यर्थ. दोन्ही बाजूंनी थांबण्यात नुकसानच आहे. यास उभयतःपाश म्हणतात. शिवाय निघालो की आपण डोंगराकडे पाठ करून उतरत जाऊ आणि संकटापासून दर किलोमीटरला दूर होऊ.

निखिलने फोनकडे पाहिले. मग माझ्याकडे. "बरोबर आहे, आई. निघू या."

असा सहज विजय मला सेवाकाळात मिळाल्याचे स्मरत नाही. सुषमाने मुक्ताकडून आणलेले हातमोजे न वापरताच पिशवीत ठेवले. "काकू म्हणतात ते खरंय," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात रजा कुठून मागू?" आणि गाडीत मागे बसून खिडकीबाहेर पाहत राहिली. युक्तिवाद जिंकल्याचे समाधान मला गावाच्या हद्दीपर्यंतच पुरले.

पुढे माझ्या कानांना दडे बसले. काचेवरचे थेंब जाड झाले, मग सावकाश पडू लागले, आणि वायोरू जवळ येताच त्यांचे थेंब असणे संपले.

"निखिल, हे गाव ओहाकुनेपेक्षा उंच आहे का?"

"बरंच."

"हे तुला ठाऊक होते."

"ग्रुपवर सगळ्यांनाच असतं. मघाशी इथला रस्त्यावरचा कॅमेरा पांढरा दिसला. धुकंही असू शकलं असतं, म्हणून बोललो नाही. तिला परत आशा कशाला लावायची?"

"मला तरी सांगायचेस."

"तुम्ही पुरावा मागितला असता. आपण अजून तिथेच बसलो असतो."

पेट्रोल पंपावर गाडी थांबण्याआधीच सुषमाने दार उघडले होते. हातमोजे पिशवीतच. ती मोकळ्या जागेत उभी राहिली, मान वर करून. मग म्हणाली, "हा खाली येतच नाहीये, काकू. आडवा चाललाय नुसता."

तिने कराडला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिथे नुकते फटफटत असावे. पडदा सगळा पांढरा, मधे सुषमाचे नाक. आई म्हणाली, "छान आहे. टोपी घाल आणि गाडीत बस." ती दोन्हींपैकी काहीही करेना. मीच छत्री घेऊन तिच्याजवळ गेले. तिने माझ्या हातातून ती काढून मिटली.

साखळ्या लागल्या नाहीत. ताइहापेला नुसता पाऊस, बुल्सला चक्क ऊन. सुषमा तीनच्या आधी वॉर्डात पोचली, केस ओले, आणि ओले का आहेत हे बहुधा सर्वांना सांगत सुटली असेल.

घरी येऊन हिशेब मांडते तर काय उरले? निखिलने शनिवारी ओहाकुनेत बर्फ सांगितला होता. पडला रविवारी, वायोरूत. दिवस चुकला, गाव चुकले. म्हणून मूळ विधान मी मागे घेत नाही. मुक्ता म्हणते की मी आता सकाळी चहाआधी वायोरूचा कॅमेरा पाहते. हे खरे आहे, पण ते निरीक्षण आहे.

कबुली: डोंगराकडे पाठ केली की उतार लागतो, हे मी न तपासता गृहीत धरले. बाकीचा युक्तिवाद निर्दोष होता, आणि हे गृहीतकही खरे असते, तर सुषमा बर्फ न पाहताच टौरंगाला गेली असती.

— वसुधा
मुक्काम पामर्स्टन नॉर्थ