सहा ग्लासांतलं लिंबू

सातवीत शाळा सुटली, तेव्हा गुरुजी म्हणाले होते, तुझं कसं होणार रे. सिल्वासाला येऊन सतरा वर्षं झाली, तरी तो प्रश्न मी रोज सकाळी स्वतःला विचारतो. आधी धाग्याच्या कारखान्यात होतो. तो बंद पडला. मग शेठनी बिअर बनवायचा छोटा कारखाना काढला आणि टाक्या धुवायला मला ठेवलं. दाखला मागितला नाही, काही नाही. डोकमर्डीतली भाड्याची खोली टिकली, पोरांच्या शाळा चालू राहिल्या. शेठचे उपकार आठवले की मला झोप लागते. नोकरी आठवली की उडते.

आमच्याकडे दर शनिवारी दुपारी पाहुणे येतात. शेजारच्या राज्यात दारूबंदी, त्यामुळे तिकडच्या माणसांना इकडे आल्यावर ज्ञान फुटतं. त्यांच्यासमोर एक लाकडी फळी ठेवतात. फळीला सहा भोकं, भोकांत सहा ग्लास, प्रत्येकात खोकल्याच्या औषधाएवढी बिअर. फिकटपासून काळीपर्यंत. प्यायची नाही, चाखायची. एक जण नाक घालतो आणि म्हणतो, केळं. दुसरा म्हणतो, लवंग. एकदा एकाला ओल्या घोंगडीचा वास आला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या खानदेशात घोंगडीला असा वास आला तर उन्हात टाकतात.

बिअर बनवणारे साहेब पुण्याचे. परदेशात शिकून आलेले, माणूस सरळ, पण ग्लासाच्या बाबतीत वेडा. ग्लास फक्त त्यांनी दिलेल्या पावडरीने धुवायचे, उपडे ठेवायचे, फडका लावायचा नाही. ते काम किलवणीच्या एक मावशी करायच्या. एका शनिवारी त्यांच्या घरी लग्न होतं. शेठनी मला बोलावलं.

"दमणवाळा हॉटेलशेठ आवे छे. मोटी ऑर्डर आहे. ग्लास एकदम चकाचक पाहिजे हां, भाऊ."

आता चकाचक म्हणजे काय, हे मला कारखान्याने शिकवायची गरज नव्हती. आमची आई पाहुणे यायचे म्हटलं की पितळी पेले राखेने आणि लिंबाच्या सालीने घासायची. "पाव्हनास्ना गिलासमा तोंड दिसाले जोयजे," म्हणायची. राख काही मिळाली नाही. कँटीनमधून लिंबं आणली, सालींनी सगळे ग्लास आतून-बाहेरून घासले, पाण्यातून एकदाच काढले. पावडरीपेक्षा दहापट चमकले. उपकार फेडल्यासारखं वाटलं.

हॉटेलशेठ आले, सोबत मुंबईचा एक जाणकार. जाणकाराने पहिला ग्लास उचलला, डोळे मिटले.

"लिंबू," तो म्हणाला.

"हा, लिंबू!" हॉटेलशेठ म्हणाले. "मस्त लिंबू आवे छे!"

दुसऱ्यात लिंबू. तिसऱ्यात लिंबू. सहावी बिअर डांबरासारखी काळी, करपलेल्या कॉफीच्या चवीची. तिच्यातही लिंबू, आणि तेही "डोंगरातलं". फेस कशावरच टिकत नव्हता, ओतला की बसत होता. जाणकार म्हणाला, "फेस मुद्दाम कमी ठेवलाय. खूप मऊ वाटतं."

साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यांनी आयुष्यात बिअरमध्ये लिंबू घातलं नव्हतं. पण शेठ त्यांच्याकडे बघत होते, हॉटेलशेठ ऑर्डरचं बोलत होते. साहेब हसले. "हो, आम्ही बिअरमध्ये एक खास कडू फूल वापरतो, त्याचा सुगंध आहे हा."

मला पुढचं दिसायला लागलं. दमणला पिंपं जाणार, त्यांत लिंबू नसणार, हॉटेलशेठ बोंबलणार, आणि मग शोध सुरू होणार की त्या दिवशी ग्लास कोणी धुतले. मी साहेबांना खुणेने धुण्याच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. साली अजून मोरीत पडल्या होत्या. त्यांनी एक रिकामा ग्लास नाकाशी धरला.

"फेस का बसतोय ते आत्ता कळलं," ते म्हणाले. "सालीचं तेल. सगळे घासलेस?"

"सगळे, साहेब. माझी नोकरी..."

"माझीही," ते म्हणाले. "फुलाचं मी बोललोय."

तेवढ्यात शेठ दारात. "साहेब, ते म्हणतात एकदा टाकीतून ताजी चाखवा, मग सही करू."

शेठ गेले. साहेबांनी सालींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी इतकी वर्षं नोकऱ्या केल्यात, मला न बोललेलं पहिलं ऐकू येतं. घास, असं ते म्हणत होते.

मी साल उचलली. आज घासलं तर दमणला जाऊन प्रत्येक ग्लास कोण घासणार? साल टाकून दिली, दोन ग्लास पावडरीने धुतले, उपडे ठेवून निथळू दिले आणि टाकीच्या नळातून भरून घेऊन गेलो. वरती फेस कापसासारखा उभा. आता संपलं, असं धरून भिंतीशी थांबलो.

हॉटेलशेठनी घोट घेतला. डोळे मिटले.

"अरे वाह! आमां तो लिंबू वधारे आवे छे!"

"नक्कीच," जाणकार म्हणाला. "ताज्यात लिंबू जास्त खुलतं."

सही झाली. शेठनी तिथल्या तिथे बाटलीवर लिंबाचं चित्र टाकायचं ठरवलं. साहेब कुणाकडेच बघत नव्हते. त्यांची बिअर त्या दुपारी पहिल्यांदा खरी दिली गेली होती आणि कुणी ती चाखलीच नाही.

पाहुणे गेल्यावर धुण्याच्या खोलीत साहेबांनी त्यांतला अर्धा उरलेला एक ग्लास माझ्यापुढे धरला.

"तू घे. तू सांग. लागतं का लिंबू?"

मी घोट घेतला. कडू, थंड, आणि मागून भाजलेल्या गव्हासारखं काहीतरी. चांगलं होतं. लिंबाचा मागमूस नव्हता. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. दाराशी शेठही येऊन उभे राहिले होते.

"लागतं, साहेब," मी म्हणालो. "जरा जरा लागतं."

साहेबांनी मान हलवली आणि उरलेली बिअर मोरीत ओतली.