मॅडम, काय करू?

वॉर्डात विद्यार्थिनींबरोबर फिरताना माझ्या हातात एक वही असते. पुढच्या पानांवर गुण लिहायचे, असं मी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. मागच्या पानांवर काही लिहायचं ठरलेलं नव्हतं. पण कोणी काही बोललं की ते घरी जाईपर्यंत विसरेल म्हणून तिथेच टिपून ठेवायची सवय लागली. आता दर वर्षी असं होतं की, दिवाळीच्या सुमारास मागची पानं पुढच्या पानांना येऊन भिडतात आणि गुणांसाठी नवी वही काढावी लागते.

एका वर्षीची वही तर जवळजवळ एकाच मुलीने भरली. तिचं नाव नसरीन. साखरखेर्ड्याची. वडील गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. मुलगी हुशार होती, पुस्तक पाठ होतं, हात हलका होता. फक्त कोणतीही गोष्ट करण्याआधी ती विचारायची, "मॅडम, काय करू?"

आदल्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला ती याच प्रश्नाने नापास झाली होती. परीक्षकांसमोर ट्रे हातात धरून तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला. आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये प्रॅक्टिकलला दोनच संधी मिळायच्या. दुसऱ्यांदा नापास झाली की मुलीने सामान बांधायचं. म्हणजे नसरीनकडे आता एकच संधी होती, आणि ते तिलाही ठाऊक होतं, मलाही.

तिचे वडील एकदा भेटायला आले. मी म्हटलं, "मुलगी चांगली आहे हो, पण स्वतःहून काही ठरवतच नाही."

ते म्हणाले, "आमची नसरीन? मॅडम, घरी तर आमाले तोंड उघडू देत नाही ते."

* * *

पेशंट समोर असताना काय दिसलं, त्यावरून काय वाटलं आणि मग काय करायचं ठरवलं, हे शिकवणं पुस्तकातून जमत नाही. म्हणून मी वर्गात स्वतःच पेशंट व्हायचे. टेबलावर आडवी पडायचे आणि सांगायचे, "मी पंचेचाळीस वर्षांची बाई आहे. आत्ता चक्कर येऊन पडले. चला, सुरू करा."

पहिली पायरी सोपी आहे. पेशंटचे खांदे हलवायचे, मोठ्याने हाक मारायची. पण मॅडमला हलवायचं कोणी? मी डोळे मिटून पडले होते आणि डोक्याशी कुजबूज चालली होती. "तू हलव." "तू हलव ना, तुझे मार्क चांगले आहेत." धामणगाव बढ्याची वैशाली वर्गातली सगळ्यात धीट. तिने पुढे होऊन अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, उठता का?"

मी उठले नाही. मग पुन्हा चर्चा. शेवटी माझ्या मनगटाजवळ कोणीतरी आलं आणि हळूच आवाज आला, "मॅडम, नाडी बघू?"

नसरीन होती. मी डोळे मिटूनच म्हटलं, "बघ."

वर्ग हसला. मी उठून बसले आणि म्हणाले, "नसरीन, मी मेले असते तर कोणाला विचारलं असतंस?"

ती विचार करून म्हणाली, "सिस्टर इन्चार्जना."

* * *

त्यावर मी नियम काढला. माझ्या बॅचमध्ये "काय करू" हे शब्द बंद. जिला बोलायचं असेल तिने असं बोलायचं, "मी अमुक ठरवलंय, कारण तमुक." चुकलं तर मी सांगेन.

आठवडाभर बरं चाललं. वैशाली तर बेडशीट बदलतानाही कारण सांगायची. आठव्या दिवशी नसरीन एका सलाइनपाशी उभी. थेंब थांबले होते. मला बघून तिने तोंड उघडलं, नियम आठवून मिटलं, पुन्हा उघडलं.

"मॅडम, मी तुम्हाला विचारायचं ठरवलंय."

"कारण?"

"कारण तुम्ही इथेच आहात."

त्या दिवशी मी वहीत गुणांच्या बाजूला काहीच लिहिलं नाही.

* * *

बीटी कापूस आला तेव्हा सगळे म्हणायचे की आता फवारे कमी होतील. आमच्या वॉर्डात तरी ते जाणवलं नाही. श्रावण-भादव्यात दुपारनंतर फवारणी करणारी माणसं यायची. घामाघूम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. असा माणूस आला की डॉक्टरांना बोलवायचं आणि ते येईपर्यंत हातमोजे घालून त्याचे कपडे काढायचे, साबणाच्या पाण्याने अंग धुवायचं. फवारणीचं औषध कपड्यात असतं, कातडीतून आत जातच राहतं.

असाच एक तरुण शेतकरी आला. पाठीवरचा पंप गळला होता, शर्ट ओला. बरोबर त्याची बायको. नसरीन दाराशीच होती. वास तिनेच ओळखला, डॉक्टरांना निरोप तिनेच धाडला, हातमोजे घातले, कात्री घेतली. इथपर्यंत सगळं बरोबर. आणि मग ती थांबली. परक्या पुरुषाचा शर्ट.

तिने सिस्टर इन्चार्जना विचारलं, "शर्ट काढू?" त्या फोनवर होत्या. मला विचारलं, "मॅडम, शर्ट काढू?" मी बादली घेऊन येतच होते. तेवढ्यात तिने त्याच्या बायकोलाही विचारलं, "भाभी, यांचा शर्ट काढू?"

त्या बाईने तिच्या हातातली कात्री घेतली आणि कॉलरपासून खालपर्यंत शर्ट उभा कापला. "इचारत काय बसली बाई? मी बायको होय त्याची. मले तरी कुठं इचारते तो काई."

मग मात्र नसरीनने तिला बाजूला करून, तिच्या हातांनाही साबण लावायला सांगून, त्याला असा धुतला की डॉक्टर येईपर्यंत सगळी फरशी फेसाने भरली होती. माणूस वाचला. चौथ्या दिवशी उठून बसला आणि त्याने पहिला प्रश्न केला, "माहा शर्ट कोनं कापला बे? नवा होता."

नसरीनने सरळ त्याच्या बायकोकडे बोट दाखवलं. त्या वेळी तिने कोणालाही विचारलं नाही.

* * *

वैशालीचं दुखणं उलटं होतं. तिचं सगळं पटापट. चौदा पेशंटचं तापमान, नाडी, श्वास पाऊण तासात लिहून मोकळी. मी तक्ता पाहिला. नाड्या वेगवेगळ्या, ताप वेगवेगळे, श्वास मात्र चौदाही जणांचे मिनिटाला वीस. श्वास मोजायला एक मिनिट बघत उभं राहावं लागतं आणि वीस लिहिलं की कोणी बोलत नाही, हे जगातल्या सगळ्या नर्सिंग विद्यार्थिनींना कोणी न शिकवता कळतं.

मी तिला नऊ नंबरच्या खाटेपाशी नेलं. "यांचे श्वास किती?"

"वीस, मॅडम."

"पेशंट कुठे आहे?"

खाट रिकामी होती. तो माणूस सकाळीच सुट्टी घेऊन कापूस वेचायला घरी गेला होता. वैशालीने रिकाम्या खाटेकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं.

"मॅडम, घरी पण वीसच असतील."

मी सगळ्यांना पुन्हा मोजायला लावलं, घड्याळ लावून, पूर्ण मिनिट. नसरीनला स्त्रियांच्या वॉर्डातल्या सहा खाटा होत्या. कोपऱ्यातली बाई शांत झोपली आहे असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो. नसरीन तिच्यापाशी तीन मिनिटं उभी राहिली. मग माझ्याकडे आली. "मॅडम, मी तीनदा मोजले. बत्तीस भरतात. बत्तीस लिहू?"

"लिहू नकोस, पळ. डॉक्टरांना आण."

छातीत कफ भरला होता. ऑक्सिजन लावला, औषधं सुरू झाली. आठवड्याभरात बाई खाटेवर बसून शेजारणीशी भांडायला लागली. मी रात्री गुण लिहिताना अडले. वॉर्डात सगळ्यांच्या आधी जे दिसायला हवं ते या पोरीला दिसत होतं. दिसलेल्यावर पाऊल टाकण्याचे गुण कुठून देऊ?

* * *

नसरीनचं ते वर्ष म्हणजे बीटीच्या बोंडातही अळी निघाली ते वर्ष. पुरुषांच्या वॉर्डात बीपी वाढलेले एक गृहस्थ दाखल झाले. नसरीनला त्यांची माहिती लिहायला बसवलं. ती कापूस पिंजणाऱ्याची मुलगी, ते कापूस लावणारे. अर्धा तास झाला तरी बोलणं संपेना.

मी कागद बघितला. "मुख्य तक्रार" या ओळीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : बोंडअळी.

"नसरीन, हे काय?"

"मॅडम, तुम्हीच शिकवलं. मुख्य तक्रार पेशंटच्या शब्दांत लिहायची. मी त्यांना तीनदा विचारलं, काय त्रास होतो? तीनदा हेच म्हणाले."

"आणि डोकं वगैरे?"

"दुखतं. झोप नाही. बीपीची गोळी दीड महिन्यापासून बंद, शेतातून निघणंच होत नाही म्हणून. ते खाली लिहिलंय. वरचं खोडू का?"

मी उत्तर देणार तोच डॉक्टर आले. त्यांनी कागद घेतला, वाचला. मला वाटलं, आता दोघींना ऐकावं लागणार. डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि त्या गृहस्थांना विचारलं, "कधीपासून?"

"पाते लागले तवापासून, साहेब." म्हणजे कपाशीला कळ्या धरल्यापासून.

डॉक्टरांनी पेन काढलं आणि "कालावधी" या ओळीत लिहिलं : पाते लागल्यापासून. मग बीपी मोजलं, गोळी लिहून दिली, आणि जाताना मला म्हणाले, "खोडू नका. मला या माणसाशी रोज कशाबद्दल बोलायचं ते यातून कळतं."

* * *

आणि मग नसरीनचं प्रॅक्टिकल आलं.

परीक्षक मॅडम बाहेरच्या जिल्ह्यातून आल्या होत्या. इस्त्रीची साडी, आवाज खालच्या पट्टीत. त्यांचा दरारा पाहून सिस्टर इन्चार्जसुद्धा उभ्याच राहिल्या. शाळेच्या शिक्षिकेने खिडकीपाशी उभं राहायचं आणि तोंड मिटून ठेवायचं, असा नियम होता. मी वही छातीशी धरून उभी राहिले.

नसरीनच्या वाट्याला सुलतानपूरचे एक म्हातारबाबा आले. साखरेचा आजार, सकाळी आणि दुपारी जेवणाबरोबर इन्सुलिन. परीक्षेमुळे त्या दिवशी सगळंच मागेपुढे झालं होतं. दुपारची ताटं आधीच वाटून झाली होती, इन्सुलिन राहिलं होतं. बाबांच्या स्टुलावर रिकामं ताट होतं आणि तक्त्यावर खूण होती, जेवण झालं.

परीक्षक मॅडमनी तक्ता तिच्यासमोर धरला. "ऑर्डर आहे. वेळ झाली आहे. द्या."

नसरीनने सिरिंज घेतली नाही. तिने बाबांच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. मग त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "बाबा, जेवले काय?"

"ताट त्या शेजारच्याले देल्लं, पोरी. आज चतुर्थी हाय ना. चंद्र पाहूनच सोडीन."

"सकाळी?"

"घोटभर चहा."

"आन् सकाळची सुई?"

"ते तर देल्ली ना सिस्टरनं."

नसरीन सरळ झाली. "मॅडम, मी इन्सुलिन देत नाही."

"तक्त्यावर जेवण झालं म्हणून खूण आहे."

"ताट झालं, मॅडम. बाबा उपाशी आहेत."

"मी सांगते आहे, तरी?"

नसरीनने माझ्याकडे पाहिलं. आदल्या वर्षी पाहिलं होतं तसंच. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"हो मॅडम, तरी."

परीक्षक मॅडम खाट आणि औषधांची ट्रॉली यांच्यामध्ये उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी शांतपणे विचारलं, "बरं. मग आता मी काय करू?"

"तुमी जरा सरका," नसरीन म्हणाली. "मले बाबाची शुगर पाहू द्या."

आणि त्या सरकल्या.