कासुर्डीच्या शिवारातला ब्रेक

"साळवे, सिग्नल हिरवा आहे. ब्रेक कशाला?"

लोको इन्स्पेक्टर शिंदेसाहेब माझ्या पाठीमागे उभे होते. यवत मागे पडलं होतं, कासुर्डीचं शिवार सुरू झालं होतं. समोर सरळ लाईन. रुळावर माणूस सोडा, कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि माझा हात ब्रेकवर. माझ्या इंजिनामागची मालगाडी कुरकुरत रखडली होती.

"चुकून लागला, साहेब."

"दर ट्रिपला इथंच चुकून लागतो? कंट्रोलवाले माझं डोकं खातायत."

मी ब्रेक सोडला. शेजारच्या सीटवर माझा असिस्टंट भालेराव होता. तो खिडकीबाहेर बघत बसला.

इन्स्पेक्टर इंजिनात चढून ड्रायव्हरचं काम बघतो, त्याला आमच्यात फूटप्लेट म्हणतात. पुण्याला उतरताना शिंदेसाहेब म्हणाले, "सोमवारी पुन्हा फूटप्लेटला येतो. असंच झालं तर तुम्हाला लाईनवरून काढून शेडमध्ये बसवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

माणूस चांगला होता. पण शेडमध्ये बसवणं म्हणजे काय, ते ड्रायव्हरलाच कळतं. माझी बायको मार्था दोन वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. दौंडच्या क्वार्टरमध्ये मी एकटा. कुलूप उघडलं की सकाळचा कप जिथं ठेवला तिथंच असायचा. हलवणारं कोण होतं? इंजिनात बसलो की निदान आपण कुठंतरी निघालोय असं वाटायचं. तेवढंही गेलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे.

झालं होतं असं. पावसाळा संपताना त्याच जागी एक म्हातारा सायकल हातात धरून रूळ ओलांडत होता. सायकलचं चाक अडकलं. सोडून दिली असती तर वाचला असता. पण तो ती ओढत बसला. मी शिटी दिली, इमर्जन्सी ब्रेक लावला. भरलेली मालगाडी जागच्या जागी थांबत नाही, बरंच अंतर खाते. म्हाताऱ्यानं एकदाच वर बघितलं.

नियमाप्रमाणे ड्रायव्हर इंजिन सोडून जात नाही. भालेराव खाली उतरला, मागून गार्ड चालत आला. पुढच्या स्टेशनवर मी मेमो दिला, म्हणजे लेखी खबर. फोनवर कंट्रोलनं, म्हणजे गाड्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या ऑफिसनं, एकच विचारलं, "गाडी किती लेट होईल?"

चूक माझी नव्हती, चौकशीत तसंच निघालं. पण त्या दिवसापासून तो म्हातारा मला तिथं दिसायचाच. हात आपोआप ब्रेकवर जायचा.

प्रार्थना मी सोडली नव्हती. जन्मापासून ख्रिस्ती घरातला, रोज गुडघे टेकायचो. पाठ असलेले शब्द यायचे आणि जायचे. आमेन म्हटलं की घर परत तेवढंच सुनं. चर्चचे पाळकसाहेब येऊन चहा पिऊन गेले. म्हणाले, "देवाची इच्छा." मला असा राग आला! देवाची इच्छा म्हणे. ब्रेक मी लावला होता, आणि गाडी वेळेत थांबली नव्हती.

रविवारी एसटीनं शिरूरला थोरल्या बहिणीकडे गेलो. तिच्याकडे दुपारी प्रार्थनासभा असते, सात-आठ बायका जमतात. त्यात सगुणाबाई होत्या. त्या जुन्या बायबलबाई. घोडनदीच्या काठानं इनामगावपर्यंत पायी हिंडून त्यांनी उभा जन्म बायाबापड्यांना शास्त्रातल्या गोष्टी सांगितल्या. आता डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

ताईनं मला प्रार्थना करायला सांगितली. मी सुरुवात केली, "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो..."

"थांब, याकोबा," सगुणाबाई म्हणाल्या. "हे न्हाई. काय बघितलंस ते सांग."

"देवाला माहीत आहे, बाई."

"त्याला ठावं हाय. पर तू त्याला सांगितलंस का?"

मला उठून जावंसं वाटलं. बायका मान खाली घालून बसल्या होत्या. मी कसाबसा म्हणालो, "सायकल."

"सायकल," त्या म्हणाल्या.

"म्हातारा. धोतर गुडघ्यापर्यंत."

"म्हातारा. धोतर गुडघ्यापातुर."

इथं थोडं कामाचं सांगतो. इंजिनात सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं तो मोठ्यानं बोलायचा आणि असिस्टंटनं तसाच परत बोलायचा. नुसती मान हलवून चालत नाही. एका माणसाच्या डोळ्यांवर रेल्वे विश्वास ठेवत नाही. सगुणाबाई जन्मात इंजिनात चढल्या नव्हत्या. पण माझा एकेक शब्द त्या तशाच परत देत होत्या.

"त्यानं वर बघितलं."

"त्यानं वर बघितलं."

मग मला रडूच फुटलं. मार्था गेली तेव्हाही रडलो नव्हतो, तो सगळा हिशेब त्या दिवशी फिटला. सगुणाबाईंनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू, ह्यानं बघितलं ते तूबी बघितलंस. आता ह्याला एकट्याला बघाया लावू नगंस." एवढीच प्रार्थना. शांती दे, बळ दे, काही नाही. त्यानंतर ताईनं मला जेवायला वाढलं आणि कित्येक दिवसांनी मला भूक लागली.

सोमवारी शिंदेसाहेब पाठीमागे उभे. यवत गेलं. म्हातारा आलाच. प्रार्थनेनं तो नाहीसा झाला असं सांगितलं तर खोटं होईल. हात उचलला गेला, पण मी तो ब्रेकवर नेला नाही. मोठ्यानं म्हणालो, "प्रभू, तो म्हातारा. सायकल ओढतोय."

भालेराव दचकला. तो बौद्ध माणूस, माझ्या प्रभूशी त्याचा काही संबंध नाही.  मग तो समोर बघत म्हणाला, "म्हातारा. सायकल ओढतोय."

गाडी स्पीडमध्ये कासुर्डी पार करून गेली.  उरुळीला सिग्नलला थांबलो तेव्हा शिंदेसाहेब फक्त म्हणाले, "ठीक आहे, चालवा." मी देवाचे आभार मानले, मनातल्या मनात आणि अगदी खरे.

पुण्याला साहेब उतरून गेले. मी जेवणाचा डबा सोडला. भालेरावनं त्याचा उघडलाही नाही.

"भालेराव, जेवायचं न्हाई?"

"दादा," तो म्हणाला, "तुमी त्याला काचंतनं बघितला. मी खाली उतरलो व्हतो. रुळातनं मी उचललाय त्याला."

 महिनाभर हातभर अंतरावर बसलो होतो आम्ही.

"कुणाला बोललास?"

"कुणाला बोलू? कुणी इचारलंच न्हाई. मेमो तर तुमचा व्हता."

केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "काय बघितलंस ते सांग."

तो सांगत गेला, थांबत थांबत. मी एकेक शब्द परत बोलत गेलो. त्यातले काही शब्द मला परत बोलवत नव्हते, पण बोललो. संपल्यावर मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्यानं हात जोडले नाहीत, मी जोडायला सांगितले नाहीत. डबा मात्र त्यानं उघडला.

मी रिटायर होईपर्यंत गाडी चालवली. घर अजून सुनंच आहे. अशा प्रसंगानंतर रेल्वे इंजिन तपासते, ब्रेक तपासते, ड्रायव्हरचा जबाब घेते. असिस्टंटला कुणी विचारत नाही. ते ड्रायव्हरनं विचारायचं असतं.