तमाजीची तोंडी परीक्षा

धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी साचलं की खेकडे कोणाला नेऊन सोडावे लागत नाहीत. ते होतात. किश्श्यांचंही तसंच. मराठी शिकायला आलेली परदेशी पोरं सावली या तालुक्याच्या गावाजवळच्या आमच्या खेड्यात घरोघरी ठेवली, दोन महिने जाऊ दिले, आणि शेवटच्या आठवड्यात पाहतो तर जिथे हात घालावा तिथे किस्सा!

निवृत्त कारकुनाला इंग्रजी येतं असा गावाचा समज आहे. नोकरीभर मी तो जपला, म्हणून या कोर्सचा समन्वयक मीच. काम एकच, पोरं परत जाईपर्यंत त्यांना सांभाळायचं.

त्यांतल्या टोमासची मला काळजी होती. शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा, आणि त्यात नापास झाला तर तिकडच्या कॉलेजात त्याचं वर्ष वाया. पोरगा हुशार. वाचायचा, लिहायचा. पण बोलताना त्याला कोणी ऐकलंच नव्हतं. कारण तो राहायला होता वत्सलाबाईंकडे.

वत्सलाबाई मनाने सोनं. पण त्यांच्या घरात दुसऱ्याला बोलायची पाळी येत नाही. त्यांचे यजमान नामदेवभाऊ दिवसभर ओसरीवरच्या खाटेवर बसून असतात. गावात नव्याने आलेल्यांना ते मुके वाटतात.

*

त्याच आठवड्यात टोमासचं पोट बिघडलं. बाईंनी त्याला सावलीच्या डॉक्टरांकडे नेलं, सोबत मी.

"काय होतंय?" डॉक्टरांनी टोमासला विचारलं.

"रातीपासून पोट दुखून राह्यलं त्याचं," बाई म्हणाल्या.

"जेवला काय होता?"

"वडा-भात. मी नाई म्हनलं होतं, आयकते कुठी!"

डॉक्टर टोमासकडे वळून म्हणाले, "जीभ दाखव."

वत्सलाबाईंनी दाखवली!

*

क्लारा जर्मनीची. ती निघणार म्हटल्यावर शेजारपाजारच्या प्रत्येक घराने तिला घरचा तांदूळ बांधून दिला. बॅग उचलेना. शेवटी राइस मिलच्या काट्यावर ठेवली. विमानात चालतं त्याच्या जवळजवळ दुप्पट!

"आता काहीतरी काढावं लागेल," क्लारा रडवेली होऊन म्हणाली.

ती राहायची त्या घरच्या सुजाताबाईंनी बॅग उघडली आणि भराभर जीन्स, स्वेटर, बूट बाहेर काढून ठेवले.

"कपडे तिकडं बी भेटतेत वो बाई. हा तांदूळ भेटन का?"

बॅगेचंही वजन नको म्हणून क्लारा सुजाताबाईंच्या जुन्या लुगड्याची गाठोडी घेऊन जर्मनीला गेली. गाठोडीत अर्थातच तांदूळ!

*

इटलीचा मार्को शिस्तीचा. निरोप घ्यायला सकाळी गल्लीच्या पहिल्या घरापासून निघाला. प्रत्येक घरी चहा, चिवडा, "बस ना जरा." दिवेलागणीपर्यंत अर्धी गल्ली झाली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या घरांकडे निघाला, तर वाटेत कालचेच लोक उभे.

"काऊन गा, काल निरोप घेतला ना? गेला नाई अजून? ये, चहा घे!"

बसस्टॉप त्याच गल्लीच्या टोकाला आहे. मार्कोने मला विचारलं, "काका, आमची बस कधी?"

"परवा सकाळी."

"मग मला आत्ताच निघायला हवं!"

*

पोरं निघायच्या आधीच्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भाषणं होती. सूत्रसंचालन क्लाराकडे. आमचे सरपंच "दोन शब्द बोलतो" म्हणून उठले की लोक चटई पसरतात. क्लाराने दोन महिन्यांत हे पाहून ठेवलं होतं. माईकवर गोड आवाजात म्हणाली, "वेळेअभावी सरपंचांनी आपले दोन शब्द दोनच ठेवावेत."

सरपंच उठले. माईक हातात घेतला. बराच विचार केला.

"बसतो आता."

एवढ्या टाळ्या त्यांना निवडून आले तेव्हाही पडल्या नव्हत्या!

त्यानंतर आभार टोमासने मानायचे होते. तो उभा राहिला, घसा खाकरला, आणि बायकांमधून वत्सलाबाईंनी आभार मानले.

*

परीक्षा ज्याच्या त्याच्या राहत्या घरी होती. परीक्षक मॅडम पुण्याच्या. टोमास समोर स्टुलावर, नामदेवभाऊ खाटेवर, मी दारात. वत्सलाबाई चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या.

"तुमचं नाव काय?" मॅडमनी टोमासला विचारलं.

"टोमास," बाई म्हणाल्या. "आमी तमाजी म्हनतो."

"तुम्हाला इथलं काय आवडलं?"

"माह्या हातची वांग्याची भाजी."

"बाई, परीक्षा त्यांची आहे."

"हाव ना मॅडम. पोरगं लाजते, म्हनून मी सांगतो. विचारा तुमी."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "शेवटचा प्रश्न. इथे राहताना काही अडचण आली का?"

"काईच नाई!" बाई म्हणाल्या.

टोमास उभा राहिला. कान लालबुंद.

"आली! लय आली! बाई, दोन महिने झाले, मी तोंड उघडलं का तुमी बोलून राह्यल्या! भूक मले लागते, सांगता तुमी! पोट माहं दुखते, जीभ तुमची! तुमची भाजी मले आवडते, पन ते बी मले सांगू द्या ना वो! माहं वरीस जाते!"

वत्सलाबाईंचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मॅडमनी पेन पुन्हा उघडलं आणि हसत म्हणाल्या, "पास!"

तेवढ्यात खाट करकरली. नामदेवभाऊ उठले, धोतर सावरलं, मॅडमजवळ येऊन हात जोडले.

"मॅडम, ह्या कोर्सले वयाची अट हाय का?"