म्याडम रूममध्ये असताना

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून माझा घसा तपासला आणि विचारलं, "तुम्ही शिक्षिका आहात का?" म्हटलं, नाही. "भाजीबिजी विकता?" नाही हो. "मग एवढं बोलता कुणाशी?" डेअरीवाल्यांशी, मी म्हणाले. त्यांना काही बोध झाला नाही.

त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. सोलापुरातल्या एका लहानशा कंपनीत मी नोकरीला होते. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर केलं होतं. माणूस दूध घालायला आला की काट्यावरचं वजन आणि मशीनवरचं फॅट आपोआप कॉम्प्युटरवर येणार, पावती निघणार. पुढे कंपनी बंद पडली. मालकांनी जाताना सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट वापरायला देऊन टाकलं आणि ते पुण्याला निघून गेले. पण माढा, कुर्डुवाडी, जेऊर, सगळीकडे ते चालूच राहिलं, आणि कुणाचं काही अडलं की फोन माझ्या नंबरवर. माझी नोकरी गेली, काम काही गेलं नाही.

फोन यायचे ते दुधाच्या वेळेला, सकाळी आणि संध्याकाळी. "म्याडम, फॅट शून्य दाखवतंय, लोक शिव्या घालायलेत, काय करू?" मागे रांग खोळंबलेली, कालवा चाललेला. अशा वेळी नाही कसं म्हणायचं? दोन्ही हात कीबोर्डवर असायचे म्हणून फोन स्पीकरवर ठेवायचे, आणि पलीकडच्या गोंगाटावर आवाज चढवून बोलत राहायचे. वर्षानुवर्षं हेच.

डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. बोलणं कमी करा, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर आवाज कसा राहील ते आत्ता सांगता येत नाही. मला ऑपरेशनची भीती नव्हती. पण घरी आई आहे आणि तिची नजर पार गेली आहे. पेपर मी वाचून दाखवायचा, कुठली गोळी कशाची ते मी सांगायचं, खोलीत आले की आधी बोलायचं म्हणजे ती दचकत नाही. डेअऱ्यांशी सकाळ-संध्याकाळ बोलून रात्री पेपर उघडला की घशातून नुसती फुसफूस. आई म्हणायची, "राहू दे, उद्या वाच." उद्याही तेच. मला इतकी चीड यायची की पेपर फेकून द्यावासा वाटायचा. जो काही आवाज शिल्लक आहे तो आईसाठी ठेवायचा, एवढं मी ठरवलं.

म्हणून चॅट रूम काढली. व्हॉट्सअॅपवर ग्रुप होताच, पण सुप्रभात, वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली यांच्या ढिगाऱ्यात फॅटचा प्रश्न कुठल्या कुठं गडप व्हायचा. ही रूम वेगळी. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की उघडायची, आणि त्या घटकेला जे जे डेअरीवर बसलेत ते सगळे तिथं दिसायचे. एकानं विचारावं, ज्याला येतं त्यानं सांगावं. जिल्हाभर दूध एकाच वेळी घातलं जातं, तेव्हा कुणी ना कुणी जागेवर असणारच. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

पहिल्या सकाळी सगळ्यांनी "नमस्कार म्याडम" लिहिलं. मग शांतता. मग फोन. जेऊरकडचा एकजण होता. "म्याडम, रूममधी टाकलंय, बघा की." म्हटलं, अहो, टाकलंय तर जरा थांबा ना, कुणीतरी उत्तर देईल. "व्हय, पण तुमी बघितलं का?" आधी नुसता फोन यायचा, आता मेसेज आणि वर फोन. हौसेनं काम दुप्पट करून घेतलं मी स्वतःचं.

आणि उत्तर कुणी द्यायचंच नाही. सगळे नावापुढे हिरवा ठिपका लावून बसलेले, मी काय लिहिते याची वाट बघत. कुर्डुवाडीजवळच्या एका डेअरीवर एक गृहस्थ आहेत, सॉफ्टवेअर मला येतं तेवढंच त्यांनाही येतं. कुणी काहीही विचारलं की हे खाली लिहिणार, "म्याडम सांगतील." शेवटी बसलेल्या घशानं मीच त्यांना फोन लावला. म्हटलं, तुम्हाला हे माहीत नाही का?

"माहीत हाय की."

"मग लिहा की."

ते जरा घुटमळले. "तुमी तितं बसलेल्या असताना आमी कसं बोलायचं? बरं दिसत न्हाय ते."

माझा मान राखत होते बिचारे, आणि माझा गळा जात होता. मग मी रूममध्ये सगळं उघड लिहून टाकलं, की डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आहे, आईपुरता तरी आवाज राखायचा आहे, कृपा करून एकमेकांना उत्तरं द्या. झालं. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, कुठल्याशा महाराजांचा अंगारा, सगळं आलं. पाठोपाठ फोन. "तुमी अजिबात बोलू नका म्याडम, नुसतं हं म्हणा." मी हं म्हणायचे. "जरा बरं वाटतंय का?" हं. "मग ते फॅटचं तेवढं..."

त्या रात्री आईला पेपरातली एक ओळसुद्धा मी वाचून दाखवू शकले नाही. स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध आटोपल्यावर मी रूम कुर्डुवाडीच्या गृहस्थांच्या हवाली केली. यापुढे हे बघतील, अशी एक ओळ लिहिली आणि बाहेर पडले. जुनं सिम काढून नवीन घातलं. त्या संध्याकाळी फोन वाजला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. फार मोकळं वाटेल अशी माझी समजूत होती, पण मला नुसती झोप येत होती.

काही दिवसांनी आवाज थोडा उघडला. मी आईजवळ बसले आणि पेपर पहिल्या पानापासून वाचायला घेतला. उसाचा दर, नळाला पाणी किती दिवसांआड, हायवेवरचा अपघात. आई ऐकल्यासारखं करत होती. मध्येच म्हणाली, "पुरे."

"का गं, दमलीस?"

"नाही. त्या अक्कलकोटकडच्या बाईची सून बाळंत झाली का?"

मला आधी कळेचना कोण ती. मग आठवलं, डेअरी चालवणारी, कानडी हेलात बोलणारी. सून माहेरी गेलीय, आता पावत्या एकटीच करते, असं मागे कधीतरी ती म्हणाली होती. मी ते विसरूनही गेले होते. आई विसरली नव्हती. कुर्डुवाडीवाल्यांचा गुडघा आता कसा आहे, तेही तिला हवं होतं. स्पीकरवरचे ते सगळे फोन ती सकाळ-संध्याकाळ पलंगावर बसून ऐकत आली होती. तिच्याकडे येणारी माणसं तेवढीच होती, आणि तिच्यासाठी म्हणून मी ती सगळी एका दमात बंद करून टाकली होती.

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "मी आता तिथं नसते."

"मग फोन लाव की तिला."

"आई, अगं डॉक्टरांनी मला..."

"तू नको बोलूस," ती म्हणाली आणि फोनसाठी हात पुढं केला. "मी बोलते."