पुस्तकात नसलेला नियम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती म्हणाली असती, खेळच तो, त्यात काय एवढं. आणि मला ते ऐकून बरं वाटलं असतं — म्हणूनच नाही सांगितलं. आता मात्र लपवायचाही कंटाळा आलाय.

मी आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या भाच्यानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ — एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. रविवारी दुपारी आम्ही चौघं महाळुंगे पडवळला दत्तूच्या रोपवाटिकेत जमायचो. दत्तू, त्याची बायको सविता, डिंभ्याहून मिळेल त्या एसटीनं येणारा भिवा, आणि मी. गोष्ट सांगणारा मी, कारण ते पुस्तक वाचता येणारा मीच. नियम मी मराठीत सांगायचो. जसे होते तसेच सांगायचो — एक सोडून.

भिवा मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याच्याकडं अजून वीसेक मेंढरं आहेत. त्याला सगळे अबोल म्हणायचे, मीही. खरं तर तो बोलायला लागला की कुणीतरी मध्येच तोडायचं, आणि तो तोडू द्यायचा. आमच्या खेळात तो जादूगार झाला. आणि तिथं — कसं सांगू? — तिथं त्याचं वाक्य पुरं व्हायचं. आम्ही थांबायचो. रविवार जवळ आला की यांच्यात जीव येतो, असं त्याच्या बायकोनं मला एकदा बाजारात सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असंही नाही.

दुसऱ्याला वश करायचा एक मंत्र होता. एकाच माणसावर चालणारा, तोही फासा साथ देईल तर. पुस्तकानं त्याला पुरेसा लगाम घातलेला होता. मी तीन महिने खपून एका किल्ल्याचा वेढा रचला होता. नकाशे, भुयारं, फितूर सरदार. भिवानं शत्रूच्या राजावर तो मंत्र टाकला. मंत्र म्हणून त्यानं मेंढरांना देतात ती हाक दिली, हळूच. फासा त्याच्या बाजूनं पडला. "सर, म्होरलं मेंढरू वळवलंय," तो म्हणाला. "बाकीची येत्यात." राजा निघाला, मागं सैन्य. वेढा पाच मिनिटांत उठला.

सविता म्हणाली, "सर, तुमचा राजा तर चरायला गेला की."

दत्तूच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मीही हसलो. वर्गात पोरं माझ्यावर हसतात तेव्हा हसतो, तसा.

पुढच्या रविवारी मी म्हणालो, एक पान माझ्याकडून राहून गेलं होतं. हा मंत्र टाकला की जादूगाराची वाचा जाते. त्या दिवशीचा खेळ संपेपर्यंत त्यानं बोलायचं नाही, त्यानं काय करायचं ते बाकीचे ठरवतील. एवढी ताकद द्यायची तर काहीतरी गमवायला हवं, नाहीतर खेळाचा तोल जातो — असं बरंच बोललो. पान उघडून बोटही ठेवलं. त्या पानावर प्रवासात घोड्याला किती चारा लागतो, ते होतं.

दुसरं काही सुचलं नसतं का मला? सोनं, रक्त, झोप — काहीही काढून घेता आलं असतं. मी वाचाच निवडली.

लईच कडक हाय राव, दत्तू कुरकुरला. भिवानं फक्त विचारलं, "पुस्तकात हाय ना?"

"आहे."

"मग हाय."

त्यानं तो नियम माझ्याहून जास्त पाळला. बाकीचे संकटात आले की मंत्र टाकायचा, त्यांना सोडवायचा, आणि उरलेली दुपार गप्प बसून डिंभ्याची गाडी धरायचा. एकदा असंच त्यानं दोघांना वाचवलं, आणि त्या दोघांनी ठरवलं, जादूगारानं मागं थांबून पूल अडवायचा. भिवानं नको अशी मान हलवली. "खुणाही चालत नाहीत," मी म्हणालो. हे तर मी तिथल्या तिथं बनवलं. त्यानं मान खाली घातली. पुलावर त्याचा जादूगार मेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मेंढरांचं काहीतरी असेल, असं आम्ही म्हणालो.

पावसाळा सरल्यावर पेठच्या स्टॉपवर भेटला. आपणहून जवळ आला. त्याला किती दिवस हे बोलायचं होतं कोण जाणे, एका दमात बोलला. "सर, तवा मी मान हालवली. नियम ठावं असून. तुमचा खेळ नासला माझ्यापायी, म्हनून याया तोंड न्हाई."

गाडी यायची होती. ओळखीचं कुणी जवळ नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

"असू दे रे," मी म्हणालो, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा चेहरा मोकळा झाला. मी त्याला माफ केलं होतं. आणि मला — हे सांगायचं राहिलं होतं — मला ते करताना बरं वाटलं.