पूजेच्या पानावरचा आकडा

आमच्या शेजारच्या हर्षवदनभाई कंसारांना अख्खी कॉलनी 'वदनभाई' म्हणते. अंकलेश्वरच्या एका लहान कारखान्यात ते सव्वीस वर्षं केमिस्ट आहेत. तिथे पाणी निवळायची पावडर होते. आपल्या तुरटीची थोरली बहीणच म्हणा. नगरपालिकांच्या पाणीखात्यांत ती पोत्यांनी जाते.

वदनभाईंची स्वतःची एक तपासणी होती. ग्लासात गढूळ पाणी घ्यायचं, चिमूटभर पावडर टाकून ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि ग्लासामागे वर्तमानपत्र धरायचं, तेही मयताच्या जाहिरातींचं पान, कारण त्यातली अक्षरं बारीक. "कोण गेलं ते वाचता आलं की माल पास!" रसायनांची रीतसर तपासणी आठवड्यातून एकदा व्हायची, बाकीचे दिवस वही अंदाजाने भरली जायची. कुणाचं काही अडलं नाही.

मग सरकारने या पावडरीला आयएसआय मार्का सक्तीचा केला. मार्का नाही तर विक्री नाही. प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी निघणाऱ्या मालाची, तपासणी, प्रत्येक घाण्याची वहीत नोंद, आणि प्रत्येक घाण्याच्या नमुन्याची एक बाटली कपाटात जपून ठेवायची. अधिकारी आले, बघून गेले, लायसन्स मिळालं. शेठ परागभाईंनी कारखानाभर पेढे वाटले. वदनभाईंनी नव्या काचेच्या नळ्या आणल्या आणि खरोखर रोज तपासायला लागले. तरलिकाबेन मला म्हणाल्या, "भाभी, सव्वीस वर्षांनी नवरा नोकरीला लागला बघा!"

त्या दिवाळीत नेहमीसारखी मीही तरलिकाबेनबरोबर कारखान्यातल्या चोपडापूजनाला गेले होते. हिशेबाच्या वह्यांशेजारी प्रयोगशाळेची नवी वही मांडलेली. कुंकवाचं स्वस्तिक, वर 'श्री', आणि खाली दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमेला निघणाऱ्या पहिल्या घाण्याची नोंद. वदनभाईंनी सुंदर अक्षरात मालातल्या असली सत्त्वाच्या टक्क्यांचा आकडा लिहिला : एकोणतीस.

मी म्हटलं, "अहो, माल अजून झाला कुठे?"

"भाभी, शुभ आकडा आधी लिहायचा. मग माल त्याच्यासारखा होतो."

सगळे हसले. मीही हसले आणि पेढा तोंडात टाकला.

लाभपाचमेला कामगार गावाहून नुकते परतलेले, ट्रक दारात उभा, मुहूर्त साडेदहाचा. माल पुरता कोरडा होण्याआधीच पोत्यांत भरला गेला. वदनभाईंनी कपाटात ठेवायची बाटली तेवढी भरून घेतली. तपासलं नाही. तपासून आकडा वेगळा आला असता तर पूजेच्या पानावर खाडाखोड करावी लागली असती, आणि वर्षाच्या पहिल्या पानावर खाडाखोड आमच्या इथे कुणी करत नाही. नारळ फुटला, ट्रक गेला.

तीन आठवड्यांनी एका नगरपालिकेचा फोन आला. चार दिवस गावाला गढूळ पाणी गेलं होतं. परागशेठनी उत्तर लिहिलं : आमच्या मालावर मार्का आहे, तपासणीची नोंद सोबत जोडली आहे, मात्रा टाकण्यात चूक झाली असावी. खाली सही वदनभाईंची, आणि सोबत त्या कुंकवाच्या पानाची झेरॉक्स. आठ दिवसांत कळलं की तिथल्या पाणीखात्यात मात्रा टाकणाऱ्या छनाभाई वसावांना निलंबित केलं.

त्या दुपारी वदनभाई जेवायला घरी आले नाहीत. तरलिकाबेन डबा घेऊन गेल्या तर हे कपाटातली ती बाटली काढून तपासत बसलेले. निदान अठ्ठावीस हवं होतं. आलं बावीस. तीनदा तपासलं, तीनदा बावीस.

"डबा ठेव," एवढंच बोलले आणि शेठच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं; तरलिकाबेनना सगळं ऐकू आलं.

"शेठ, तो आकडा मी पूजेत लिहिलेला."

"मग? दरवर्षीच लिहिता."

"दरवर्षी पोत्यावर मार्का नसायचा."

"वदनभाई, लायसन्स थांबलं तर चाळीस घरं बसतील. तुमचंसुद्धा! आणि पूजेचं पान खोडणार? डोकं ठिकाणावर आहे का?"

"तिकडे वसावा घरी बसलाय, शेठ. माझ्या सहीने."

त्यांनी वही उघडली आणि स्वस्तिकाखालच्या एकोणतिसावर लाल रेघ मारली. शेजारी बावीस लिहिलं, तारीख घातली, सही केली. एक पत्र अधिकाऱ्यांना धाडलं. दुसरं नगरपालिकेसाठी घेऊन स्वतः बसने त्या गावी गेले. एकट्याने जाववेना म्हणून तरलिकाबेनना बरोबर घेतलं.

छनाभाई घराबाहेर खाटेवर बसले होते. वदनभाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. छनाभाई रागावले नाहीत. ते म्हणाले, "साहेब, आधी मीपण ग्लासात टाकून बघायचो. मग पोत्यावर मार्का आला. म्हटलं, आता सरकारनेच बघितलंय, आपण कशाला बघायचं?" मग आतल्या बाजूला हाक मारली, "अगं, चहा टाक, पाहुणे आलेत."

वदनभाईंनी चहा बशीत ओतला. तो तसाच निवत राहिला. शेवटी तरलिकाबेननीच तो पिऊन टाकला. "त्या बाईने दूध शेजारून आणलं होतं हो, भाभी. टाकायचा कसा?"

छनाभाई महिन्याभराने कामावर परतले. कारखान्याला अडीच महिने मार्का लावायची बंदी झाली. पंधरा माणसं दुसरीकडे गेली, त्यातली सहा परत आली नाहीत. कॉलनीत काही जण वदनभाईंना बघून रस्ता बदलतात. "खरं बोलायची हौस फार!" एकीने मलाच ऐकवलं. पण त्या दिवशीच्या पेढ्याची चव माझ्याही तोंडात आहे.

यंदा पूजेला प्रयोगशाळेची वही मिटलेली होती. कुंकू वरच्या पुठ्ठ्याला लावलं. लाभपाचमेला ट्रक दारात, नारळ शेठच्या हातात, आणि वदनभाई आत नळी धरून उभे.

"मुहूर्त गेला, वदनभाई!"

"जाऊ द्या. आकडा यायचाय अजून."

ट्रक सव्वा वाजता निघाला. त्या गावी माल पोचतो त्या दिवशी संध्याकाळी वदनभाई ओट्यावरून स्पीकरवर फोन लावतात. आमच्याकडे सगळं ऐकू येतं.

"छनाभाई, मार्क्याचं राहू द्या. ग्लासात बघितलं का?"

"बघितलं, साहेब. कोण गेलं तेही वाचलं."

पलीकडे छनाभाई खो खो हसतात, तेही ऐकू येतं. वदनभाई हसत नाहीत. "पुन्हा एकदा बघा," म्हणतात, आणि फोन हातात धरून दहा मिनिटं थांबतात.